खुशालरावांच्या कानातली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी कानाची मशीन आहे. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. सेल ताजा असला तर अजूनही शेजारच्या घरातलं भांडण स्वच्छ ऐकवते. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. अकोल्याच्या दुकानात काही महिने मी काचेमागे बसून काढले, आणि तिथून अमरावतीच्या खुशालराव मास्तरांच्या उजव्या कानावर माझी नेमणूक झाली.

मास्तरांनी जन्मभर मुलांना व्हायोलिन शिकवलं आणि नेमके त्यांचेच कान गेले. देवाला काही कळतं का? वर कानात एक बारीक, उंच सूर रात्रंदिवस वाजू लागला. तो मलाही थांबवता आला नाही. त्यांच्या बायकोला, पार्वताबाईंना, मात्र हे सारं सोंग वाटे. चहा म्हटलेलं ऐकू येतं आणि दळण म्हटलेलं येत नाही, हा कोणता आजार, असं त्या अख्ख्या आळीला विचारत.

माझे हालही काही कमी नव्हते. दुपारी मास्तर मला सुपारीच्या डबीत ठेवत. एकदा वरूडच्या व्याह्यांनी मला तोंडात टाकून चावून पाहिलं. दाताची खूण अजून माझ्या पाठीवर आहे. सकाळी मात्र माझा थाट असे. सेल चालू आहे का ते पाहायला मास्तर मला मुठीत मिटून धरत. मुठीत धरलं की मी कुईंऽऽ अशी शिट्टी घालते. आमच्या जातीचा स्वभावच तो. ती मास्तरांना ऐकू येत नसे, म्हणून पार्वताबाई चुलीपासूनच ओरडत, "जित्ती हाये!"

मग मास्तरांनी आपली जन्मकहाणी सुरांत लिहिली. दोन व्हायोलिन, एक सारंगी आणि एक बुलबुलतरंग. आधी शेंदूरजनाघाटची संत्र्याची बाग, मग लग्न. तिथे बुलबुलतरंग थेट पार्वताबाईंसारखा दम न घेता बोलतो. शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि मास्तरांची शिष्या दामिनी कानातला तो सूर व्हायोलिनवर एकटीच लांबवते. तोंडाने सांगून बायकोला जे पटलं नव्हतं, ते मास्तर असं सांगणार होते.

पण तालमीत तो सूर लागला रे लागला की स्वयंपाकघरातून पार्वताबाईंचा हुकूम येई, ती मशीन काढा आधी! त्यांना ती माझीच शिट्टी वाटे. दर वेळी चोर मीच. लोकही असेच हसतील, या भीतीने दामिनी रडकुंडीला आली. मास्तरांचे बालमित्र इनायतुल्लाभाई सारंगी वाजवत. ते हळूच म्हणाले, "गाळून टाक बेटी. त्याले कुठं आयकू येते?"

मी शेजारीच डबीत होते. असा संताप झाला माझा! पण सांगणार कुठल्या तोंडाने?

कार्यक्रमाला हॉल भरला. बाग झाली, लग्न झालं, वाद्यं थांबली. दामिनीचा गज मांडीवरच राहिला. लोक टाळ्या वाजवू लागले.

मास्तरांना टाळ्या ऐकू आल्या असतील-नसतील, पण तो गज दिसला. त्यांचा चेहरा एवढासा झाला. ते उठले, मला कानावरून काढलं, मुठीत धरलं आणि हात उंच केला.

मित्रांनो, मी जीव तोडून वाजले. हॉलमध्ये हशा पिकला. पहिल्या रांगेतून पार्वताबाई सवयीने कडाडल्या, "थे मशीन काढा आधी!"

आणि थांबल्या. मशीन तर कानात नव्हतीच. मास्तर एक बोट रिकाम्या कानाला लावून त्यांच्याकडे पाहत होते.

पार्वताबाई उभ्या राहिल्या. "काहो, असं वाजते तुमच्या कानात?"

मास्तरांना त्यांचे ओठ पाठ होते. ते म्हणाले, "हो. झोपेतबी."

हसू थांबलं. दामिनीने डोळे पुसत गज उचलला आणि माझ्या सुराला सूर लावला. इनायतुल्लाभाई मान खाली घालून बसले होते.

आता सकाळी पार्वताबाईच मला मुठीत धरतात. सेल तपासायला एक क्षण पुरतो, पण त्या बराच वेळ धरून ठेवतात. मग मास्तरांच्या समोर जाऊन, तोंडाकडे पाहत, हळू सांगतात, जित्ती हाये.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाला कमी ऐकू येत असेल तर पाठीमागून ओरडू नका. समोर बसा आणि बोला. आणि हो, व्याही येणार असतील तर आधी सुपारीची डबी उघडून पाहा.