योएझरचा एक दम

अंत्युखियात ख्रिस्ताची माणसं कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत जमत, कारण तिथल्या घाणीला कंटाळून सम्राटाचे शिपाई फारसे फिरकत नसत. जमायचं पहाटे, कामाला हात लागायच्या आधी. भाकरी मोडून झाली की सगळे म्हाताऱ्या योएझरकडे वळत. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण गुरूंची, म्हणजे ख्रिस्ताची, वचनं आणि गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या. गुरूंच्या मुलखातल्या, गालीलातल्या एका म्हातारीनं तो लहान असताना त्या त्याच्याकडून घोटून घेतल्या होत्या, आणि त्या म्हातारीनं गुरूंना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

योएझर सांगायचा तो चेहरे बघत. समोर कोण बसलंय त्यावर कुठल्या वचनानंतर काय घ्यायचं ते ठरे. एक जोडी मात्र तो कधी मोडत नसे. 'जो मला नाकारील त्याला मीही नाकारीन' हे गुरूंना नाकारणाऱ्यांविषयीचं कठोर वचन आलं, की श्वास न सोडता तो त्या कोळ्याची गोष्ट सांगे, ज्यानं भीतीपोटी गुरूंना ओळखच दाखवली नाही आणि तरी गुरूंनी ज्याला जवळ केलं. म्हातारीनं दोन्ही एका दमात दिलं होतं, म्हणून तो एका दमातच पुढे देई.

उन्हाळ्यात धरपकड झाली आणि चौघं जिवानिशी गेले. पकडलेल्यांतला थालस तेवढा परत आला, कारण त्यानं सम्राटाच्या पुतळ्यापुढे चिमूटभर धूप टाकला होता, म्हणजे गुरूंना नाकारलं होतं. पोरगा विशीचासुद्धा नव्हता, पण कुणी त्याची गय केली नाही. सभेच्या वेळी तो दाराबाहेर कातड्यांच्या ढिगाशी उभा राही, आणि कालपर्यंत त्याला मांडीवर खेळवणाऱ्या बायका पदर सावरून आत जात.

त्याच सुमारास योएझरच्या घशात गाठ आली. आधी आवाज घोगरा झाला, मग भाकरी उतरेना. सभेचा वडीलधारा हर्मोगेन लिहिता-वाचता माणूस होता. म्हातारा गेला तर सगळंच त्याच्याबरोबर मातीत जाईल, हे ओळखून त्यानं कागदाची गुंडाळी उलगडली आणि बोरू हातात घेतला. योएझर सांगे, हर्मोगेन लिही. कठोर वचनापर्यंत आले आणि हर्मोगेनचा हात थांबला. कोळ्याची गोष्ट इथे नको, म्हणाला, ती पुढे कुठेतरी येईल, दुसऱ्या गुंडाळीत.

"मी ते एका दमात सांगतो," योएझर म्हणाला.

"कागदाला दम नसतो, आबा." हर्मोगेननं मान वर केली नाही. "माझ्या भावाला फक्त धूप टाक म्हणाले होते. नाही टाकला त्यानं. उरलेलं प्रेत मी गोळा केलंय. आता त्याच ओळीत माफीचं लिहू? माझा हात नाही चालत."

योएझरनं फार ताणलं नाही. लिहिलेलं हे लांबच्यांसाठी असतं, असंच तो समजत होता. जिथे सांगणारा माणूस समोर बसलाय तिथे कागद कोण उघडील? गुंडाळी जाऊ दे लांब इफिसच्या सभेला. इथे आपलं तोंड आहे. म्हाताऱ्याचा हा हिशेब चुकला, आणि तो कुणाच्या जिवावर बेतला ते पुढे दिसलंच.

ट्रिफेना, थालसची आई, त्या आठवड्यात त्याच्याकडे आली. पोरगा अन्नाला शिवत नाही, दिवसभर नदीकाठी बसून राहतो, असं तिनं सांगितलं.

"आबा, तो विचारतो, मी आता कुणाचा? मी काय सांगू त्याला? माझं कोण ऐकतंय? ते कोळ्याचं तुमच्या तोंडून सगळ्यांसमोर येऊ दे. मग तरी त्याला आत घेतील."

योएझरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि येत्या सभेत सांगेन असा शब्द दिला. मग आवाज शिल्लक राहावा म्हणून तो कुणाशी बोललाच नाही.

सभेच्या पहाटे थालस उंबऱ्यापर्यंत आला. आईनं त्याची बाही घट्ट धरली होती. भाकरी मोडून झाली, सगळे वळले, योएझरनं तोंड उघडलं, आणि नुसती घरघर बाहेर पडली. त्यानं पुन्हा घसा खाकरून पाहिला. कुणीतरी मायेनंच म्हणालं, आबांना कशाला त्रास, आता लिहिलेलं आहे ना. हर्मोगेननं गुंडाळी उघडली.

तो छान वाचत होता, हे मान्य करायला हवं. कठोर वचन त्यानं सावकाश, एकेक शब्द वेगळा करून वाचलं. चौघांच्या घरची माणसं रडू लागली. मग त्यानं श्वास घेतला आणि कोळ्याच्या जागी पेरणीची गोष्ट सुरू केली.

योएझर भिंत धरून उठला. त्यानं हर्मोगेनचा दंड धरला, कागदावर बोट आपटलं. लोक गोंधळले. शेजारच्यानं वाकून पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आबा, इथे दुसरं काही नाहीये. बसा तुम्ही." ज्यांनी ती गोष्ट त्याच्याच तोंडून वर्षानुवर्षं ऐकली होती, ते खाली बघत राहिले. त्यांना आठवत नव्हतं असं नाही. पण रडणाऱ्या आयांसमोर ती आठवण काढायला कुणाची जीभ उचलली नाही.

हर्मोगेननं डोळे मिटले, उघडले आणि पुढची ओळ घेतली.

उंबरा रिकामा झाला होता. योएझर धडपडत बाहेर आला. गल्लीच्या तोंडाशी त्यानं थालसला गाठलं, मानेला धरून खाली ओढलं आणि त्याच्या कानाला तोंड लावलं. सगळी गोष्ट त्यानं त्या घरघरीतच सांगितली. विस्तवाजवळ बसलेला तो कोळी, त्याची भीती, त्याचं रडणं, आणि मग गुरूंनी त्याला दिलेली हाक. त्याचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थालस श्वास रोखून ऐकत होता.

मागून ट्रिफेना धावत आली. "काय म्हणाले? काय म्हणाले आबा?"

"काही नाही, आई," थालस म्हणाला. "खोकताहेत."

त्यानं म्हाताऱ्याचे हात आपल्या मानेवरून हळूच सोडवले, आईच्या हातात दिले आणि तो नदीच्या बाजूला निघून गेला.