टोक धरायला कोणी नाही

त्या सकाळी मोजणीदारांनी मला पेटीतून काढले, चिंधीने पुसले आणि माझ्या एकेका कडीला तेल लावले. मुलगी चार दिवसांसाठी आली होती. चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली, “बाबा, आता कोण मोजतंय हिने?”

“कोणी नाही. म्हणून काय गंजू द्यायची?”

ती हसली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले. तेलाची चिंधी अजून दोरीवर होती.

मित्रांनो, मी जमीन मोजायची एक जुनी साखळी आहे. पोलादी कड्या, दोन टोकांना पितळी मुठी. एकटीने मला काहीच जमत नाही. दोघांनी दोन टोके धरून ताणले, तरच मी कामाची.

मी घडले कारखान्यात. पण माझे आयुष्य सुरू झाले ते एका बड्या मालकाने आपली शेती विकायला काढली तेव्हा. बँकेने ती सगळी विकत घेतली. तिचे लहान तुकडे पाडून, तिथेच मजुरी करणाऱ्या कुटुंबांना ते कर्जाने द्यायचे ठरले. मोजणीचे काम आमच्या मोजणीदारांकडे आले. त्यांची एक रीत होती. माझे दुसरे टोक ते शिपायाच्या हाती देत नसत. ज्यांची जमीन होणार, त्यांनीच ते धरायचे. नवऱ्याने आणि बायकोनेही. एकजण जीव खाऊन ओढू लागला, तेव्हा त्याची बायको बांधावरून म्हणाली, “किती ओढाल? रबर आहे का ते?” सगळे हसले, मोजणीदारसुद्धा. ते माझे सुखाचे दिवस.

शेवटी विहिरीजवळचा एक तुकडा उरला. बँकेचे साहेब मोजणीदारांना म्हणाले, हा तुम्हीच घ्या, कर्जाचे मी बघतो. ते नको म्हणाले. घरी आल्यावर बायकोने सुनावले, की जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात आणि आपल्याला कुंडीएवढी माती नाही. उद्या पोरीला काय देणार?

“साखळी माझ्या हातात आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “मीच तुकडा घेतला, तर प्रत्येकाला आपला बांध आत सरकल्यासारखा वाटेल.”

मग त्यांनी अभ्यासाला बसलेल्या मुलीकडे पाहिले. “तुला काय वाटतं गं?”

आई रडत होती. मुलीने पुस्तकाचे पान उलटले. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही.

तो तुकडा एका मजूर बाईला मिळाला. पुढे नवी यंत्रे आली आणि मी जिन्याखालच्या पेटीत गेले. मोजणीदार मला अधूनमधून बाहेर काढत; पण ताणायला दुसरे कोणी नसे. पितळ काळे पडले. अंधारात आपल्याच कड्या आपल्याला टोचतात, हे मला तिथे कळले.

परवा घर रिकामे करताना भंगारवाल्याने मला उचलून वजनाचा अंदाज घेतला. “ही नाही,” मुलगी म्हणाली.

मित्रांनो, जुनी वस्तू काट्यावर टाकण्याआधी तिच्याबद्दल विचारा. सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारा.

भंगारवाला गेल्यावर ती रिकाम्या खोलीत बसली. माझी एक मूठ तिने हातात घेतली; दुसरी फरशीवर पडून राहिली. मग कोणी ऐकायला नसताना मोठ्याने म्हणाली, “बाबा, मला तेव्हाच पटलं होतं. आई रडत होती, म्हणून बोलले नाही.”