परत आलेले केस

कंगवा मानेच्या जरा वर अडकला आणि प्रतिमाचा हात जागीच थिजला. पुढं ओढायचा धीर होईना, बाहेर काढावा तर निघेना. शेवटी डोळे घट्ट मिटून तिनं हिसका दिला. कंगवा सुटला, पण केसांचा पुंजका घेऊनच.

केमो सुरू झाल्यावर असंच झालं होतं. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग मोरीच्या जाळीवर. पुंजक्याकडे न बघताच तिनं तो कागदात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात खाली दाबला. बाहेर नीळकंठ, तिचा शिक्षक नवरा, शाळेत जायला बूट घालत होता.

"झालं का गं?"

"हो," म्हणत तिनं डोक्याला रुमाल बांधला.

प्रतिमा देऊळगाव राजाला पंचायत समितीत कारकून होती. छातीतली गाठ काढून, केमो घेऊन तिला वर्ष होत आलं होतं. तिचे मूळचे केस सरळ, कमरेपर्यंत. परत आले ते मात्र बारीक, कोरडे आणि लोकरीसारखे कुरळे. ऑफिसातल्या बायका कौतुक करायच्या. प्रतिमाला ते आपले वाटतच नसत. कुणीतरी वापरायला दिलेत, कधीही परत मागतील, असं वाटे. म्हणून ती त्यांना फारसा हात लावायची नाही. वरून तेल चोपडायचं, रुमाल आवळायचा, संपलं. रुमालाखाली मागच्या बाजूला केसांत केस गुंतत गेले.

अंगणात एकदा रुमाल सुटला तेव्हा शेजारच्या तानाबाईंनी ते पाहिलं. म्हातारी मायेची, तिनं हातच जोडले.

"बाई, ही तं जट हाय. देवीची. हिले कातर लावू नको, पाप लागन. तिनंच तुले एवढ्या दुखण्यातून वाचवलं."

एरवी प्रतिमा असलं मानत नसे. पण आता कुणालाही दुखवायची तिची तयारी नव्हती, देवीला तर नाहीच. केस गळाले तर आजार परत आला, आणि गुंता सोडवला तर देवी कोपेल. दोन्हीकडून तिचा जीव मुठीत. फायली लावतानाही तिचा हात रुमालाखाली जाई, गाठ चाचपे आणि चटका बसल्यासारखा माघारी येई. नीळकंठला ती यातलं काहीच सांगत नव्हती.

सुटीच्या दिवशी लोणारहून थोरली नणंद वंदना आली. चहा पिता पिता तिनं सरळ रुमालच मागे सारला.

"अवं माय! हे काय करून ठेवलं, प्रतिमा?"

"ताई, हात नका लावू!"

ती इतक्या जोरात ओरडली की नीळकंठ आतून धावत आला. मग रडू फुटलं आणि सगळंच बाहेर पडलं. नीळकंठ दाराला धरून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"जट नाही अन् काही नाही," वंदनाताई म्हणाल्या. "कुरळ्या केसाले कोरडंच कंगव्यानं इचरलं अन् तेल चोपडून बांधून टाकलं की असंच होते. माहे केस पाय ना, जल्माचे असेच हायेत. लहानपणी मायनं माही अशी गाठ कापली होती. काही झालं नाही मले."

"आणि गळतायत ते?"

"ते मले कसं सांगता येईन?" वंदनाताई हळूच म्हणाल्या. "दवाखान्यात इचार."

केमोच्या वॉर्डातल्या सिस्टरचा नंबर प्रतिमाकडे होता. तिनं फोन लावला. सिस्टरनं सगळं ऐकून एकच विचारलं, "मुळासकट येतात की मधून तुटतात?"

प्रतिमानं एकदाही बघितलं नव्हतं.

"बघा. तपासणीला याल तेव्हा डॉक्टरांना दाखवा. केसांना सौम्य काही लावलं तर चालेल, उग्र वासाचं नको. आधी कानामागं थोडं लावून दिवसभर वाट बघा."

नणंद-भावजय बाजारातल्या टिकल्या-बांगड्यांच्या कटलरी दुकानात गेल्या. दुकानदारीण बाईंनी आधी सीरम पुढं केलं. झाकण काढताच अत्तरासारखा वास नाकात भरला. प्रतिमा मागे सरकली. दुसऱ्या डब्यावर लावून धुऊन टाका असं लिहिलेलं.

"मले न धुवायचं पायजे," वंदनाताई म्हणाल्या. "वल्या केसाले लावून तसंच ठेवतात ते. वास नसलेलं, पातळ."

शेवटी मागच्या फळीवरून एक साधी बाटली निघाली. लीव्ह-इन कंडिशनर. प्रतिमानं वरचं बारीक लिहिलेलं सगळं वाचलं आणि मगच बाटली पिशवीत टाकली.

कानामागं लावल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत ती सारखी आरशासमोर जात होती. लाली नाही, खाज नाही. दुपारी वंदनाताईंनी तिचे केस धुतले, ओलेच ठेवले आणि तिला ओसरीत बसवलं. वाटाण्याएवढं कंडिशनर तळव्यांवर चोळून त्यांनी केसांच्या लांबीला आणि गाठीला लावलं; टाळूला लागू दिलं नाही. मग बोटांनी, टोकाकडून, थोडं थोडं सोडवायला सुरुवात केली.

पहिला केस हातात आला. त्यांनी तो पांढऱ्या टॉवेलवर ठेवला.

"हे पाय."

"नको."

"पाय म्हणते ना."

प्रतिमानं मान वळवली. अर्धवट तुटका तुकडा. मूळ नव्हतं. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. मग एक आला, टोकाला मुळाचा पांढरा ठिपका असलेला. वंदनाताईंची बोटं थांबली. पण नंतरचे सगळे पुन्हा तुटकेच.

आतली गाठ काही केल्या सुटेना. कातर आणावी लागली. प्रतिमानं खांब दोन्ही हातांनी धरला, मनात देवीची क्षमा मागितली, आणि कच्च आवाज झाला. थोड्या वेळानं कंगवा वरपासून खालपर्यंत गेला तेव्हा ती ढसाढसा रडली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी भांग पाडून टाळू पाहिली, रिपोर्ट पाहिले आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. केस कोरडे होऊन तुटत होते, एवढंच.

परतीच्या बसमध्ये ती नीळकंठशेजारी बसली. मग म्हणाली, "अहो, पुढच्या तपासणीची मला आत्तापासूनच भीती वाटतेय."

नीळकंठनं तिच्या हातावर हात ठेवला. त्याचा तळवा घामानं ओला होता.

"मलाही," तो म्हणाला.