पुंजाआण्णांचा किडा

अरे थांबा, बसा तरी, मी कॉलेजातून धावत आलेय. आणि हर्षल, तू मध्ये बोलायचं नाहीस, कारण या भानगडीत तूपण आहेस.

तर माझा किडा. माहितीये ना? आमच्या कळवणच्या कांद्याच्या चाळीत, सडक्या कांद्यांखाली सापडलेला, शेपटीला चिमटा असलेला. लोकांना वाटतं तो कानात शिरतो. त्याला एवढा रिकामा वेळ नसतो, पण जाऊ दे. किती महिने मी त्याचे चिमटे मायक्रोस्कोपखाली मोजत बसले आणि शेवटी ठरलं, असा चिमटा जगात दुसऱ्या कोणाला नाही. म्हणजे नवी प्रजाती! म्हणजे नाव द्यायचं! आणि नाव माझ्या डोक्यात पहिल्यापासून पक्कं होतं, कळवणेन्सिस. कारण एफवायला याच हर्षलने मला विचारलं होतं, "कळवण? तिकडे लाइट आली का गं?" म्हटलं, थांब, आता परदेशातल्या म्युझियमवाल्यांनासुद्धा लेबलवर कळवण लिहायला लावते.

"गंमत केली होती यार," हर्षल म्हणाला.

"मध्ये बोलायचं नाही ठरलंय."

पण बोरस्ते सर! माझे गाइड. थोर माणूस. माझ्या पेपरवर पहिलं नाव त्यांचं, कारण लॅबची किल्ली त्यांच्याकडे असते. सर म्हणाले, "योगिनी बाळा, कळवण कोणाला माहितीये? आपण आण्णांचं नाव देऊ." आण्णा म्हणजे पुंजाराम आण्णा, संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा किड्यांशी संबंध एवढाच की हॉस्टेलची मेस त्यांचा मेव्हणा चालवतो. झालं, माझा किडा एका रात्रीत 'पुंजारामी'. सरांना प्राचार्य व्हायचंय, हे तुम्हाला मी सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "सर, पेपर एकदा छापला की नाव परत कधीच बदलत नाही."

"म्हणूनच तर!" सर खूश.

पेपरचं प्रूफ तपासून जर्नलला सोमवारी परत पाठवायचं होतं, पण सर थांबतात होय? आजच सत्कार ठेवला. गेटवर हा एवढा फ्लेक्स. आण्णांचा हसरा फोटो, शेजारी सरांचा, खाली किड्याचा. माझा नाही, जागा संपली. आणि फ्लेक्सवाल्याने किडा म्हणून चक्क गोम छापलेली! सरांनी पास केला होता, म्हणजे बघितलाच नव्हता. सर काही वाचत नाहीत, फक्त सही करतात. ही गोष्ट मी नीट लक्षात ठेवली.

मग म्हणाले, "मानपत्र तूच लिही. उगाच फुगवाफुगवी नको, शास्त्रीय पाहिजे. आण्णांच्या नावाने नेमकं काय आहे, ते लोकांना कळलं पाहिजे."

मी काय, आज्ञाधारक मुलगी. पेपरमधलं वर्णन घेतलं, त्याचं मराठी केलं, अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. वर सोनेरी फ्रेम. सरांनी सही ठोकली.

हॉल गच्च भरलेला. आण्णांना शाल, श्रीफळ, फेटा, सगळं झालं. मग मराठीच्या छाया मॅडम मानपत्र घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज माहितीये ना, शोकसभेतसुद्धा मंगलाष्टकं म्हटल्यासारख्या बोलतात.

"पुंजारामी!" मॅडम गरजल्या. "डोके चपटे. रंग मळकट तपकिरी, पोटाकडे तेलकट चकाकी. पंख आहेत, परंतु उडताना कधीही आढळला नाही!"

पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं.

"दिवसा फटीत दडून बसतो. अंधार पडल्यावर खाण्यासाठी बाहेर पडतो. सडके, कुजके, काहीही चालते. धोका वाटल्यास दुर्गंधीयुक्त द्रव सोडतो!"

मागच्या बाकांवरून शिट्टी! मॅडम थांबतील तर शपथ. पुढे जननेंद्रियाच्या ओळी आल्या, तिथे मात्र घोटभर पाणी प्यायल्या आणि त्या गाळून सरळ शेवटाला. "मादी एकटीच अंडी सांभाळते, चाटून स्वच्छ ठेवते. त्याआधी ती नराला बिळाबाहेर हाकलते!"

"बरोबर करते," पहिल्या रांगेतून ललिताकाकू म्हणाल्या. आण्णांच्या मिसेस. माइक नव्हता, पण अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

आण्णा लालबुंद. "बोरस्ते, हे काय वाचताय?"

"आण्णा, ते शास्त्रीय वर्णन..." सर मानपत्रात डोकं खुपसून पहिल्यांदाच वाचत होते बिचारे.

"माझ्या नावाखाली हे छापणार?"

"जगभर, आण्णा," मी एकदम नम्रपणे म्हटलं. "कायमचं. चित्रांसकट."

"कसली चित्रं?"

मग मी मॅडमनी गाळलेल्या ओळी सांगितल्या.

"काढा माझं नाव! आत्ताच्या आत्ता!"

सर घाबरून स्टेजवर इकडेतिकडे बघायला लागले, की आता कोणाचं द्यावं? उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, सगळ्यांना एकदम फोनमध्ये महत्त्वाचं काहीतरी सापडलं. एरवी पाणपोईवरच्या नावासाठी भांडणारी माणसं! शेवटी आण्णाच ओरडले, "जिथे सापडला तिथलं द्या आणि मिटवा!"

माझा लॅपटॉप उघडाच होता. सुधारलेलं प्रूफ तयारच होतं. सरांनी तिथेच रुमालाने घाम पुसत ओके म्हटलं. न वाचता. गेलं! कळवणेन्सिस!

अरे टाळ्या नंतर वाजवा, पुढे ऐका. आईला फोन केला, मानपत्रासकट सगळं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "गावाचं नाव किड्याला? दुसरं काही भेटलं नाय तुला?" आणि ठेवून दिला फोन. माझं तोंड एवढंसं झालं. इथे यायला निघाले, तर परत तिचाच फोन.

"सरपंच घरी येऊन बसलेत. गावाचं नाव झालं म्हणतेत. तुझा सत्कार करायचाय. पण मानपत्र लिहिणारं कोणी नाय, तर तूच लिहून आण."

"आई, माझ्याकडे तेच एक आहे. किड्याचं."

"मग तेच आण," आई म्हणाली. "फक्त ते हाकलायचं सगळ्यात वर घे. तुझा बाप शेवटपर्यंत बसत नाय."