आतली खोली

मावशींचं पाळणाघर राहत्या घरातच होतं. बाहेरची मोठी खोली मुलांची, आतली नवऱ्याची. ते सुतार होते. बांधकामाच्या परांचीवरून पडले आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. हात मात्र शाबूत होते, आणि जीभ हातांपेक्षा तल्लख. आल्यागेल्याला सांगायचे, "जन्मभर लाकडाला खिळे ठोकले, शेवटी मीच खाटेला खिळलो."

मुलं त्यांना बाबा म्हणत. जेवणं झाली की दोघं-तिघं हळूच आत सटकत, खाटेच्या कडेला हनुवट्या टेकवून उभी राहत. बाबा पडल्या पडल्या लाकडाचे तुकडे तासून त्यांना बैल, होड्या करून देत. एक चिमुरडी तर त्यांचा अंगठा धरल्याशिवाय झोपायची नाही.

घर जुनं होतं. मोरी निसरडी, खिडक्यांना गज नाहीत, छत गळायचं. पाळणाघरं बांधायला आणि सुधारायला सरकारी अनुदान मिळतं, असं एका मुलाच्या आईनं सांगितलं, तेव्हा मावशींनी अर्ज केला. पाहणीला एक बाई आल्या. बोलायला मऊ होत्या. सगळं फिरून पाहिल्यावर म्हणाल्या, काम चांगलं आहे, पण मुलांना निजायला वेगळी खोली लागेल, आणि मुलांच्या जागेत आजारी माणूस राहिलेला नियमात बसत नाही. हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला होता. पण आतल्या खोलीचं दार उघडंच होतं.

मावशींनी त्या रात्री विषय काढलाच नाही. सकाळी अंग पुसून घेताना बाबांनीच काढला. धाकट्या भावाकडे जिन्याखालची खोली रिकामी आहे, तिथं मी राहीन, म्हणाले. मावशी फडकं पिळायला वळल्या, तेव्हा बाबांनी त्यांचा हात धरला.

"अगं, मला काय, कुठंही आढ्याकडेच बघायचंय. पोरं त्या मोरीत घसरून पडली तर तुला झोप लागेल का?"

"आणि तुमचं कोण करणार?"

"संध्याकाळी येत जा की. लग्नाआधी तर तेवढंही भेटत नव्हतो."

धाकटा दीर खाट न्यायला आला, त्या दिवशी मावशींनी मुद्दाम मुलांना अंगणात खेळायला नेलं. तरी ती चिमुरडी टेम्पोमागे फाटकापर्यंत धावत गेली.

अनुदान मंजूर झालं. छत बदललं, मोरी जाऊन छोट्या मुलांच्या बेताची न्हाणीघरं आली, खिडक्यांना गज लागले. आतल्या खोलीला फिकट पिवळा रंग दिला. मावशी रोज शेवटचं मूल घरी गेलं की दिराकडे जात आणि काय काय झालं ते सांगत. बाबा बारीकसारीक विचारत. दाराच्या कडा घासल्या का, बोटं चेमटतात पोरांची. पण दिवसेंदिवस त्यांचं बोलणं आटत चाललं. जाऊ वेळेवर चहा-जेवण देत होती, कुणी काही कमी पडू देत नव्हतं. फक्त दिवसभर जवळ कुणी नसायचं. एकदा ते मावशींना म्हणाले, इथं फार शांत आहे गं. मावशींनी थोडे दिवस कळ काढा म्हटलं. मागच्या बाजूला एक खोली काढून, तिला वेगळं दार करून बाबांना परत आणायचं त्यांच्या मनात होतं.

थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला. डॉक्टर औषध देऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं निजली असताना दीर धापा टाकत आला.

"वहिनी, चला. दादाला धाप लागलीय, तुमचंच नाव घेतोय."

मदतनीस बाई त्या दिवशी तापानं घरी होती. रंगवलेल्या आतल्या खोलीत अकरा मुलं झोपलेली. मावशींनी दिराकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं.

"यांना कुणाच्या भरवशावर टाकू? तुम्ही त्यांच्याजवळ बसा. मी आलेच."

मग एकेका घरी फोन लावत बसल्या. कुणी कारखान्यात, कुणी दुकानात. निघतो म्हणाले, पण निघणं कुणाच्या हातात होतं? एकेक आई येत गेली. जागी झालेली मुलं मावशी तोंड धुऊन, केस विंचरून तयार ठेवत होत्या. एकाही मुलाचं बटण चुकलं नाही. शेवटी उरली चिमुरडी. तिची आई दिवेलागणीला पोहोचली. मावशी अनवाणीच निघाल्या.

दीर उंबऱ्यातच बसला होता. तो उठला नाही, तेव्हा मावशींना कळलं. बाबांना जाऊन तास झाला होता. त्या खाटेशी खाली बसल्या आणि त्यांचा गार हात पदरात घेऊन कितीतरी वेळ चोळत राहिल्या.

पंधरा दिवसांनी पाळणाघर पुन्हा उघडलं. पाहणीच्या बाई शेवटची तपासणी करायला आल्या. सगळं पाहून त्यांनी मनापासून वाखाणलं आणि यजमान कसे आहेत, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, "सुटले ते." बाई काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात आत एक मूल रडायला लागलं आणि मावशी उठून त्याच्याकडे गेल्या.