जनाकाकूचा खडा

‘कॅल्क्युलेटर’ या शब्दाच्या पोटात लॅटिन भाषेतला खडा आहे. पूर्वी तिकडचे लोक खडे मांडून हिशेब करत, त्यावरून शब्द आला. साकोलीच्या शाळेत मी गणित शिकवतो आणि दरवर्षी हे मोठ्या ऐटीत सांगायचो. पोरं जांभया द्यायची. त्यांना त्याचं काय नवल? आमच्या गावच्या बाया अजून तेच करतात.

नागझिऱ्याच्या कडेला मोहफुलं वेचायला पहाटे जाताना प्रत्येक बाई जंगलाच्या तोंडाशी सपाट दगडावर एक खडा ठेवते, परतताना उचलते. खडा उरला म्हणजे कोणीतरी मागे राहिलं. मग गाव काठ्या घेऊन, हाका मारत निघतं. दगड रिकामा, की सगळ्या आल्या. इतकं साधं गणित, त्यात चूक होईलच कशी?

माझ्या आईनं, जानकीबाईनं, ती केली. तिची जाऊ, माझी जनाकाकू, पुष्कळदा बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, वाटेनं परस्पर घरी यायची. उरलेला खडा दिसणं अशुभ, म्हणून आई तिचाही उचलून आणायची. त्या दिवशीही उचलला. काकू विधवा, मुलगी रक्षा साकोलीला होस्टेलवर. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या पहाटे आई तिला बोलवायला गेली, तर दाराला कालचंच कुलूप.

काकू जंगलात सापडली तेव्हा जीव गेला होता; अस्वलानं मांडी फाडली होती. डॉक्टर म्हणाले, रक्त हळूहळू गेलं, संध्याकाळपर्यंत जिवंत असावी. हे सांगायची काय गरज होती त्या माणसाला? मला अजून राग येतो. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

तेरवीच्या संध्याकाळी रक्षानं तिला विचारलं, "मोठाई, खडे तं सगळे उचलले होते म्हनतेत. मंग माय मांगं कशी राहिली?"

मी आईला नजरेनं दटावलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तिचा खडा मीनं उचलला, बाई. मले वाटलं, बोडीकून घरी गेली असन."

रक्षा रडली नाही, भांडली नाही. उठून अंगणात गेली, जंगलाकडे तोंड करून उभी राहिली आणि जीव खाऊन ओरडली, "माय वो! कोठी हास?"

काकू जंगलात पडून होती त्या संध्याकाळी ही हाक गावात कोणीच मारली नव्हती. आई दोन्ही कानांवर हात दाबून खाली बसली. रक्षा ओरडतच राहिली.