एकच रिंग

मी दिल्लीचा एक टेलिफोन नंबर बोलतोय. घाबरू नका, काही विकायचं नाहीये मला.

माझं पहिलं घर म्हणजे आर. के. पुरममधलं वाल्मीक मेश्राम यांचं सरकारी क्वार्टर. माणूस नागपूरचा, नोकरी टेलिफोन खात्यात, नियम ठरवणाऱ्या विभागात. तेव्हा मी भिंतीतल्या तारेला बांधलेला होतो. पुढे इंटरनेटवरून फोन करायची सोय आली. नंबर घराला कशाला चिकटवायचा, माणूस जिथे जाईल तिथे तो वाजू दे, असं फायलीत लिहिणाऱ्यांत वाल्मीकही होते. बंद पडलेला नंबर दुसऱ्याला द्यावा, हेही त्यांचंच मत. "नंबर सरकारचा, आपण नुसते भाडेकरू," असं ते बायकोला, चंदाबाईंना, सांगायचे. मग मी तारेतून सुटलो आणि त्यांच्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये राहायला गेलो.

नवराबायकोची एक रीत होती. ऑफिसात पोचले की ते एकच रिंग द्यायचे. चंदाबाई उचलायच्या नाहीत. एक रिंग म्हणजे पोचलो. वाजतच राहिली तर समजायचं, काहीतरी अडचण आहे, उचल.

एका सकाळी ते बस स्टॉपवरच कोसळले आणि गेले. त्या दिवशीची रिंग राहूनच गेली. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना, तसं माझं होतं. सारखं तिकडेच लक्ष जातं.

पुढे खात्याने मला बंद केलं. चंदाबाई तरीही मला रोज फोन लावायच्या. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई त्यांना रोज सांगायची. ऐकायला फार वाईट वाटायचं हो.

मग नियमाप्रमाणे मला करोल बागेतल्या गौरवला दिलं. गाड्यांच्या पार्टचं दुकान त्याचं, फोन इंटरनेटवरचा. पुढच्याच सकाळी चंदाबाईंनी लावला आणि मी वाजलो! घाबरून त्यांनी एका रिंगमध्ये कट केला. मग रोज तसंच. मी काय सांगणार? वाजणं तेवढं माझ्या हातात.

शेवटी गौरव वैतागला. त्याने उलट फोन लावला आणि वाजत ठेवला. तिकडे स्क्रीनवर मी 'अहो' या नावाने उमटलो असणार. त्यांनी मला तसंच तर साठवलं होतं.

फोन उचलला गेला. चंदाबाईंनी घाईघाईने विचारलं, "कुठे अडकलात? अजून पोचला नाहीत?"

गौरवला मराठी येत नव्हतं, पण आवाजातली काळजी कळली आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. "आंटीजी, ये करोल बाग है," तो हळू म्हणाला. "नंबर अब मेरे पास है."

मग चंदाबाईंनी हिंदीत सगळं सांगितलं, ती रिंगची रीतसुद्धा. फोन ठेवताना म्हणाल्या, "नंबर तुम्हारा ही है, बेटा. ये खुद कहते थे. बस, एक बार पहुँचने की रिंग दे दो."

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर करून गौरवने त्यांना फोन लावला. एक रिंग झाली, त्याने ठेवला. कुणी उचलला नाही.

त्यानंतर चंदाबाईंची रिंग आली नाही. गौरव मात्र दुकान उघडलं की आधी फोनकडे बघतो, आणि मीही वाट बघतो.

तुमच्या नव्या नंबरवर अशी अनोळखी रिंग आली तर चिडू नका. तुमच्याआधी तिथे कुणीतरी राहत होतं. उलट फोन कराच, पण वाजत ठेवू नका. एक रिंग द्या आणि ठेवून द्या.